हिशेब आणि हेतू

“पैशांचं नंतर बघू साहेब, आधी त्याला आत टाका.” तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्याच्या कानावर हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी पडतंच. वर्ष-दीड वर्ष पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्यावर तोच पक्षकार म्हणतो, “त्याला आत टाकून मला काय मिळणार? माझे पैसे तेवढे सोडवून द्या.” दोन्ही वेळा तो मनापासून बोलत असतो. पण पहिली मागणी फौजदारी कायद्याकडची असते आणि दुसरी दिवाणी कायद्याकडची, आणि या दोहोंची गल्लत होण्यात माणसाचं किती नुकसान होतं, हे या कामात राहून रोज दिसतं. लोकांची समजूत अशी की दिवाणी म्हणजे सौम्य आणि फौजदारी म्हणजे कडक; एकाच औषधाचा एक कमी मात्रेचा आणि एक जास्त मात्रेचा डोस. माझं म्हणणं वेगळं आहे. ही दोन वेगळ्या दुखण्यांवरची दोन वेगळी औषधं आहेत. दिवाणी कोर्ट हिशेब विचारतं, फौजदारी कोर्ट दोष विचारतं, आणि पैशांच्या व्यवहारात तो दोष म्हणजे जवळजवळ नेहमी हेतू. हिशेबाचं भांडण हेतूच्या दारात नेलं की ते लवकर सुटत नाही, उलट सिद्ध करायला अधिक अवघड होऊन बसतं.

हातउसन्या पैशांचा स्टॅम्पपेपर जवळून पाहिला तर मुद्दा लगेच लक्षात येतो. वर मुद्रांक विक्रेत्याचा शिक्का, अनुक्रमांक आणि विक्रीची तारीख. खाली ‘कारणे लिहून देतो की’ अशी सुरुवात, मग घरगुती अडचण किंवा शेतीचं काम हे कारण, रक्कम अंकी आणि अक्षरी, परतफेडीची मुदत, दोन साक्षीदारांच्या सह्या. त्यातली एक बहुतेक वेळा न वाचता येणारी. शेवटी ठरलेलं वाक्य असतं, ‘सदर रक्कम मुदतीत न दिल्यास मी कायदेशीर कारवाईस पात्र राहीन.’ पैसे देणारा हे वाक्य ‘तुरुंगात जाईन’ असं वाचतो. काही कागदांवर तर त्याहून पुढे जाऊन ‘माझ्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल करावा’ असंही लिहून घेतलेलं असतं. त्या ओळीला कायद्यात काही किंमत नाही. दोन माणसांनी आपसात लिहून ठरवलं म्हणून एखादी गोष्ट गुन्हा होत नाही; काय गुन्हा आहे हे कायदा ठरवतो. त्या कागदावर रक्कम आहे, तारीख आहे, कबुली आहे. दिवाणी दाव्याला लागतं ते जवळजवळ सगळं आहे. पैसे घेताना घेणाऱ्याच्या मनात काय होतं, याचा मात्र एक शब्दही त्यावर नाही.

हे दोन शब्द आपल्याकडे आले ते मोगली कारभारातून. दिवाणाकडे महसूल आणि हिशेब, फौजदाराकडे बंदोबस्त. १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने शाह आलमकडून बंगाल, बिहार आणि ओरिसाची दिवाणी मिळवली, ती महसुलाच्या हक्काची. आपल्या गावांत पोलीस उपनिरीक्षकाला अजूनही फौजदारच म्हणतात. शब्दांत ही जुनी वाटणी अजून शिल्लक आहे आणि ती समजायला चांगली आहे: एका बाजूला देणं-घेणं, दुसऱ्या बाजूला समाजाची शांतता.

या वाटणीचा परिणाम कोर्टातल्या पहिल्या पानापासून दिसतो. दिवाणी दाव्यावर वादीचं नाव असतं आणि दावा त्याच्या मालकीचा असतो. तो तडजोड करू शकतो, दावा काढून घेऊ शकतो, निम्म्या रकमेवर समाधान मानू शकतो. पोलिसांनी दाखल केलेल्या फौजदारी खटल्यावर ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ असं लिहिलेलं असतं. ज्याचे पैसे गेले किंवा ज्याचं डोकं फुटलं, तो फिर्यादी त्या खटल्यात एक साक्षीदार असतो. गुन्हा समाजाविरुद्ध झाला असं कायदा मानतो, म्हणून खटला शासन चालवतं आणि फिर्यादीला तो मनात आला म्हणून मागे घेता येत नाही. काही गुन्हे आपसात मिटवण्याजोगे आहेत. फसवणुकीसारख्या गुन्ह्यात त्यासाठी कोर्टाची परवानगी लागते. ‘मी केस केली आहे, मीच काढून घेतो’ हे वाक्य दिवाणी कोर्टात खरं असतं. ते फौजदारी कोर्टात खरं नाही हे अनेकांना कळतं तेव्हा दोषारोपपत्र दाखल झालेलं असतं.

दुसरा फरक पुराव्याच्या वजनाचा. दिवाणी कोर्टात दोन्ही बाजू तराजूत टाकतात आणि जिचं पारडं थोडं जरी खाली गेलं, तिच्याकडे निकाल जातो. फौजदारी कोर्टात एकाच बाजूचं वजन करतात आणि वाजवी शंका उरली तर आरोपी सुटतो, कारण तिथे माणसाचं स्वातंत्र्य पणाला लागलेलं असतं. हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते वाहन अपघातात. ट्रकने मोटारसायकलला धडक दिली, एक माणूस गेला. एका घटनेतून दोन फायली निघतात. हयगयीने मृत्यूला कारण झाल्याचा खटला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालतो आणि नुकसानभरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर. प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराने ट्रकचालकाला ओळखलं नाही, पंच फितूर झाला, आणि चालक संशयाचा फायदा मिळून सुटला. त्याच अपघातात घटनास्थळाचा पंचनामा, वाहनांच्या नुकसानीचा अहवाल आणि शवविच्छेदनाचा अहवाल पाहून न्यायाधिकरण म्हणतं की ट्रकचालकाची चूक असण्याचीच शक्यता जास्त आहे, आणि विमा कंपनीला भरपाई द्यायला लावतं. घरच्यांना वाटतं, एक कोर्ट खोटं बोललं. दोन्ही कोर्टांनी आपापल्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये इक्बाल सिंग मारवाह प्रकरणात हेच स्पष्ट केलं की पुराव्याची पट्टी वेगळी असल्याने दिवाणी आणि फौजदारी कोर्टांचे निष्कर्ष एकमेकांना बांधून ठेवत नाहीत. अपघातग्रस्त कुटुंबाला हे वेळीच सांगितलं नाही, तर चालक सुटल्याचं ऐकून ती माणसं भरपाईचा नाद सोडून देण्याच्या बेतात येतात. म्हणून हा फरक पुस्तकापुरता नाही.

आता पैशांकडे परत येऊ. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं कलम ४२० जाऊन ३१८ आलं, तरी पक्षकारांच्या तोंडी अजून ‘चारशेवीस टाका’ हेच आहे. आकडा बदलला, कसोटी बदलली नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हृदयरंजन प्रसाद वर्मा प्रकरणात ती नेमकेपणाने सांगितली: फसवणूक ठरायची तर बेइमानीचा हेतू व्यवहाराच्या सुरुवातीलाच असला पाहिजे. नंतर शब्द न पाळणं म्हणजे करारभंग. त्यावरून मागे जाऊन सुरुवातीचा हेतू आपोआप गृहीत धरता येत नाही. नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात याची दोन्ही रूपं शेजारी शेजारी दिसतात. एक व्यापारी सलग तीन हंगाम बागायतदाराचा माल उचलतो, वेळेवर पैसे देतो. चौथ्या वर्षी त्याचा माल बाहेर नाकारला जातो आणि त्याच्याकडे द्यायला काही उरत नाही. दुसरा भाड्याने शेड घेतो, बाजारभावापेक्षा चढा दर बोलून आठवड्याभरात दहा-वीस बागांचा माल उधारीवर उचलतो आणि एका सकाळी शेडला कुलूप, फोन बंद. बागायतदाराचं नुकसान दोन्हीकडे सारखंच आहे, कदाचित पहिल्यात जास्तच. पण पहिला माणूस देणेकरी आहे आणि दुसऱ्याच्या वागण्यात हेतूच्या खुणा आहेत: खोटा पत्ता, चढा दर, एकाच वेळी अनेकांकडून उचल, ठरवून पसार होणं. दोघांना एकाच फिर्यादीत बसवलं की पहिल्याविरुद्धचा गुन्हा टिकत नाही, आणि दुसऱ्याविरुद्धच्या तक्रारीकडेही पोलीस ‘हा देण्याघेण्याचा वाद दिसतो’ म्हणून संशयाने पाहू लागतात.

हिशेबासाठी फौजदारी वाटेने जाणाऱ्याचं मुख्य नुकसान वेगळंच आहे आणि ते फार उशिरा कळतं. पैशांच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. ‘मागाल तेव्हा देईन’ असं लिहिलेल्या उसनवारीत ही तीन वर्षं पैसे मागितल्यापासून मोजतात असं लोक समजतात. कायदा ती पैसे दिले त्या दिवसापासून मोजतो. चुकीच्या दिवाणी कोर्टात प्रामाणिकपणे घालवलेला वेळ मुदतीतून वगळण्याची सोय मुदतीच्या कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे. पोलीस ठाण्यात तक्रार अर्ज देऊन, वरिष्ठांना स्मरणपत्रं लिहून, फौजदारी खटल्याच्या तारखांना हजर राहून घालवलेल्या वेळेला ती सोय मिळत नाही. म्हणजे फिर्यादी ज्या काळात ‘केस चालू आहे’ म्हणून निर्धास्त असतो, त्याच काळात त्याचा वसुलीचा हक्क दिवसागणिक संपत असतो. हेतू सिद्ध झाला नाही म्हणून आरोपी सुटतो तोवर स्टॅम्पपेपर मुदतबाह्य झालेला असतो. माणूस गुन्ह्यात हरतो आणि हिशेबातही हरतो, आणि हिशेबात त्याची बाजू सोळा आणे खरी होती.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे आणि तो मी हलका लेखणार नाही. दिवाणी दावा वर्षानुवर्षं चालतो. समन्स बजावलं जात नाही, कैफियत येत नाही, मुद्दे निघत नाहीत, उलटतपासाला तारखांमागून तारखा पडतात. हुकूमनामा हाती आला तरी त्याच्या अंमलबजावणीची दरखास्त लावावी लागते आणि खरी लढाई तिथे सुरू होते. या देशातल्या पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असं प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच नोंदवलं होतं. आणि दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये पुन्हा बजावावं लागलं. एवढ्या काळात फारसं बदललं नाही, ही आमच्या व्यवसायासाठी आणि न्यायव्यवस्थेसाठी दुःखाची गोष्ट आहे. पण या विलंबावरून ‘म्हणून पोलिसांत जा’ हे निघत नाही. तपास, दोषारोपपत्र, आरोप निश्चिती, सरकारी पक्षाचे साक्षीदार, या टप्प्यांनाही वर्षं लागतात, आणि शेवटी शिक्षा झाली तरी पैसे मिळतीलच असं नाही. उलट दिवाणी प्रक्रिया संहितेतच जलद वाटा आहेत आणि त्या फार कमी वापरल्या जातात. चेक किंवा लेखी कराराच्या पैशांसाठी आदेश ३७ खाली समरी सूट लावता येतो. त्यात प्रतिवादीला दहा दिवसांत हजर व्हावं लागतं, आणि बचाव करायचा तर आधी कोर्टाची परवानगी मागावी लागते. देणेकरी मालमत्ता विकून मोकळा होण्याच्या बेतात असेल तर निकालापूर्वी जप्ती मागता येते. यातली प्रत्येक गोष्ट पैसे घेतानाच्या हेतूचा पुरावा न देता होते. समरी सूटला तर कागद बोलतो तेवढं पुरतं.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी: पोलिसांनी बोलावलं की माणूस पैसे देतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. देतो, कधी कधी. पण ठाण्यात बसून झालेल्या मिटवामिटवीला कायद्याचा आधार नसतो. पोलिसांना वसुलीचा अधिकारच नाही. तिथे बहुतेक वेळा पैशांऐवजी पुढच्या तारखेचा चेक मिळतो, अधिकाऱ्याची बदली होते आणि नवा अधिकारी पहिल्यापासून विचारू लागतो. जामिनाच्या अर्जाला वसुलीचं हत्यार करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये खालच्या कोर्टांना सांगितलं, ते याच सवयीमुळे. तीच तडजोड लोकअदालतीत केली तर तिला हुकूमनाम्याचं बळ येतं, तिच्यावर अपील नसतं, आणि पैसे थकले तर थेट दरखास्त लावता येते. शिवाय पैसे व्याजाने दिलेले असतील तर पोलिसांत जाण्यापूर्वी परवान्याचा विचार करावा. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली विनापरवाना सावकारी हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि फिर्यादीचाच आरोपी व्हायला वेळ लागत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कायद्यानेच ही भिंत पाडली आहे ना, चेक परत गेला की फौजदारी केस होतेच की. होते. १ एप्रिल १९८९ पासून परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ अमलात आहे. बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून पंधरा दिवसांची मुभा, ती संपल्यावर महिन्याभरात तक्रार. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता या कलमाची रचना बारकाईने पाहा. यात सुरुवातीचा हेतू सिद्ध करावा लागत नाही. चेक देण्यापाठीमागे देणं होतं असं कायदा गृहीत धरतो आणि ते खोडण्याची जबाबदारी आरोपीवर टाकतो. ‘चेक परत जाईल असं मला वाटलं नव्हतं’ हा बचाव कलम १४० ने बंदच केला आहे. म्हणजे वसुलीसाठी फौजदारी दार उघडायचं ठरवलं तेव्हा संसदेला आधी हेतूचा प्रश्न त्या दारातून बाहेर काढावा लागला. हे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जात नाही, त्याला बळकटीच देतं. आणि तरीही या मिश्रणाची किंमत मोजावी लागलीच: २०१९ अखेरीस देशात प्रलंबित असलेल्या सुमारे २ कोटी ३१ लाख फौजदारी खटल्यांपैकी ३५ लाखांहून अधिक चेकचे होते. खून आणि बलात्काराचे खटले ज्या व्यवस्थेत चालतात, तिचा एवढा मोठा भाग थकलेल्या देण्यांनी अडवला आहे.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर मी अर्धंच बोललो असं होईल. ‘हे दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा’ हे वाक्य पोलीस ठाण्यात टाळाटाळीसाठीही सर्रास वापरलं जातं. एकच फ्लॅट दोघांना विकणारा, बनावट सही करून सातबाऱ्यावर नाव लावून घेणारा, द्राक्षं उचलून शेडला कुलूप लावणारा, यांच्याविरुद्ध दिवाणी दावा लावता येतो हे खरं. पण दिवाणी उपाय आहे म्हणून गुन्हा पुसला जात नाही. ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्ये घटनापीठाने सांगितलं की माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर तो नोंदवलाच पाहिजे. आर्थिक व्यवहारांत प्राथमिक चौकशीला जागा ठेवली, एवढंच. गल्लत दोन्ही दिशांनी होते, आणि दोन्ही वेळा भरडला जातो तो खरी बाजू असलेला माणूस.

बांधाच्या भांडणात हे सगळ्यात केविलवाणं दिसतं. शेजाऱ्याने नांगरताना वीतभर बांध कोरला, शिवीगाळ झाली, धक्काबुक्की झाली. फिर्यादी ठाण्यात जाऊन एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेऊन येतो. त्या कागदाच्या शेवटी नेहमीची ओळ असते: फिर्यादीस कोर्टात दाद मागण्याची समज दिली. गुन्हा अदखलपात्र असतो आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, एवढाच त्या ओळीचा अर्थ. फिर्यादी तो कागद घडी घालून पिशवीत जपून ठेवतो, जणू हद्द ठरली. चार दिवसांनी शेजाऱ्याचीही उलट एनसी होते. पुढच्या पावसाळ्यात तिसरी. पिशवीत पाच-सहा एनसी जमतात, पण एकाही कागदावर बांध नक्की कुठे आहे हे नसतं, कारण शिवी कोणी दिली हा त्या कागदाचा विषय होता. भांडणाचं मूळ हद्दीत असतं, आणि हद्द ठरते ती भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीने, गरज पडली तर दिवाणी दाव्यात कोर्ट कमिशनर नेमून. शेताचा रस्ता किंवा पाण्याचा प्रवाह अडवला असेल तर १९०६ च्या मामलतदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो. तिथे मुदत फक्त सहा महिन्यांची. ती बहुतेक वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्या एनसीच्या दरम्यान संपून गेलेली असते.

त्यामुळे कागद घेऊन कोणी समोर बसलं की मी आधी रक्कम बघत नाही, तारीख बघतो. स्टॅम्पवरची, कराराची, शेवटच्या लेखी कबुलीची. मुदत संपण्याआधी देणेकऱ्याची सहीनिशी कबुली घेतली असेल तर तीन वर्षं तिथून पुन्हा मोजता येतात, म्हणून तसा एखादा कागद घरात कुठे आहे का, हे विचारतो. मग चेक आहे का, परतीचा मेमो कधी मिळाला, मोजणी झाली आहे का. पैसे घेताना समोरचा काय खोटं बोलला, हा प्रश्नही विचारतो, आणि उत्तरात खोटं नाव, खोटा कागद, दुहेरी विक्री असं काही ठोस निघालं तर फिर्यादही लिहून देतो. उत्तर ‘देतो देतो म्हणाला आणि दिलेच नाहीत’ एवढंच असेल, तर त्याच दिवशी वकीलपत्रावर सही घेऊन दाव्याचा मसुदा करायला बसतो, आणि पुढची तारीख पोलीस ठाण्याची नसते.